वहिनींनी काळी केलेली अक्षरं

मी काढलेला हत्ती उशीसारखा दिसतो. ही माझी नम्रता नव्हे, पहिलीच्या मुलांचं मत आहे. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर हत्ती काढून "हे काय आहे?" असं विचारलं, तेव्हा पस्तीसपैकी एकवीस जणांनी उशी म्हणून सांगितलं, काहींनी ढग म्हटलं आणि एक जण घाबरून रडायलाच लागला. त्याला शांत करता करता मधली सुट्टी झाली.

पुढे मी एकतीस वर्षं पहिलीला शिकवलं. मिशा फुटलेले बाप्ये रस्त्यात थांबवून विचारतात, "बाई, ओळखलंत का?" मी हो म्हणते, ओळखलेलं नसलं तरी. तुमच्यामुळे वाचायला शिकलो असं कुणी म्हटलं, की मला आतून ओशाळल्यासारखं होतं. कारण त्यातलं निदान निम्मं माझ्या थोरल्या जाऊबाईंचं आहे. आम्ही सगळेच त्यांना वहिनी म्हणतो. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि मी त्यांच्यावर लिहितेय हे कळलं तर म्हणतील, "फार लांबण लावू नकोस." प्रयत्न करते.

त्या शाळेत लागण्याआधी सहा वर्षं मी चार शाळांमध्ये बदली बाई म्हणून काढली होती. कुणी बाळंतपणाला गेलं, कुणाचा पाय मोडला, की मला बोलावणं यायचं. मुलांची नावं पाठ होईपर्यंत मूळच्या बाई परत यायच्या आणि मी पर्स उचलून चालू लागायची. सहा वर्षांत एकही वर्ग मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता. कोणतं पोर शेवटी वाचायला लागलं आणि कोणतं तसंच राहिलं, हे मला कधीच कळलं नाही. मला माझा स्वतःचा वर्ग हवा होता. बाकी कसलाही हव्यास मला नव्हता, पण या एका गोष्टीसाठी मी देवाशीसुद्धा भांडले असते.

म्हणून या शाळेनं एक वर्ष परीक्षेवर घेतलं, तेव्हा मी हुरळून गेले. अट सरळ होती. वर्ष संपायच्या आत बाहेरून एक तपासनीस येणार, वर्गात बसणार आणि शंभरपैकी गुण देणार. साठ मिळाले तर कायम, नाहीतर उचला पर्स. मोठ्या बाईंनी मला गुणांचा कागद दिला. मुलांचं वाचन चाळीस, लेखन आणि अंक वीस, वर्गाची शिस्त वीस, आणि शेवटचे वीस 'शिक्षिकेने स्वतः तयार केलेली साधने' या सदरात. स्वतः या शब्दाखाली रेघ मारलेली होती.

आम्ही दोघी जावा एकाच घरात, दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्यांत राहत होतो. पुढच्या खोलीत खिडकीशी वहिनींचं शिवणयंत्र असे. त्या नवीन कपडे कमी शिवत, दुरुस्तीच जास्त. गल्लीतले लोक जाड झाले की कपडे सैल करून घ्यायला वहिनींकडे येत, आणि बारीक झाले की मिरवायलाही वहिनींकडेच येत. गळ्यात मोजपट्टी, तोंडात दोन टाचण्या आणि त्या टाचण्या तोंडात ठेवूनच बोलायची सवय. शिक्षण चौथीपर्यंत. आई अंथरुणाला खिळली आणि पाठच्या पाच भावंडांना सांभाळायला ही थोरली घरी बसली. त्या पोरांना गप्प करायला कोळशानं जमिनीवर चित्रं काढायची, तेवढाच काय तो चित्रकलेचा अभ्यास. याबद्दल त्यांना कधी रडगाणं गाताना मी ऐकलं नाही. फक्त शाळेचा विषय निघाला की त्या यंत्र जरा जोरात चालवायच्या.

एका संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर बदक काढत बसले होते. वहिनी मागं येऊन उभ्या राहिल्या.

"काय आहे हे?"

"बदक."

"कुणी मारलं गं त्याला?"

मी पेन्सिल आपटली. त्यांनी ती उचलली, टाचण्या तोंडातून काढून पदराला लावल्या आणि सात-आठ रेघांत एक बदक काढलं. ते मान वळवून मागं बघत होतं, कुणीतरी हाक मारल्यासारखं. मी त्या बदकाकडे बघतच राहिले.

"उद्या कार्डशीट आण," वहिनी म्हणाल्या. "जाड बघून आण. पातळ आणलीस तर कडा मुडपतात."

"पण वहिनी, ते स्वतः करायचं असतं."

"मग कर की स्वतः." त्यांनी माझ्या बदकाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी कार्डशीट आणल्या.

दीड महिना आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. एका कार्डशीटचे चार तुकडे, एका तुकड्यावर वर मोठं अक्षर आणि खाली चित्र, असे चव्वेचाळीस तक्ते. शिवणाऱ्या बाईनं तक्ते केले तर जसे होतील तसे ते झाले. कडा फाटू नयेत म्हणून चारही बाजूंनी कापडाची पट्टी शिवलेली, टांगायला वर दुहेरी टाक्यांचे बंद. क ला कप, छ ला छत्री, स ला ससा. ण पाशी वहिनी अडल्या. ण नं सुरू होणारं काही नसतं, शेवटी बाण काढतात, असं मी सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे बिचाऱ्याला स्वतःचं घरच नाही. तुझ्यासारखं." मला हसूही आलं आणि जरा लागलंही.

टेबलावर रंग पसरलेले, त्यामुळे थोरले दीर ताट मांडीवर घेऊन जेवत आणि प्रत्येक घासाला एक सुस्कारा सोडत. ब्रश धुवायचं काम आमच्या ह्यांच्याकडे होतं. ते त्यांना इतकं आवडलं की न वापरलेले ब्रशही धुवून ठेवत.

एक दिवस वहिनींनी विचारलं, "तुझ्या वर्गातलं सगळ्यात बुटकं पोर किती उंच आहे?"

"आता मी काय मोजलंय?"

"मग मोज. माप न घेता कुणी कपडा शिवतं का?"

मी मोजपट्टी घेऊन गेले. सगळ्यात बुटकी मुलगी एक्केचाळीस इंच भरली. ती सारखी पेन्सिल कुरतडायची म्हणून मी तिला खारूताई म्हणायचे. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला ओळीनं खिळे ठोकले आणि तक्ते टांगले. त्याआधीच्या चारही शाळांत मी तक्ते माझ्या डोळ्यांसमोर लावत आले होते, आणि मुलं बघत का नाहीत म्हणून त्यांच्यावरच ओरडत आले होते.

वहिनींना सगळ्यात अभिमान होता तो अक्षरांच्या रंगांचा. दोऱ्याच्या रिळांची त्यांची एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात शेकड्यानं छटा. त्यातल्या चव्वेचाळीस निवडून त्यांनी रंग कालवले. म नारिंगी, ब जांभळा, क पोपटी. एकाचा रंग दुसऱ्याला नाही. पिवळेच पाच प्रकारचे होते आणि पाचही वेगळे ओळखू येत. मला तर वाटलं, असा तक्ता जगात कुणी पाहिला नसेल. त्याच रंगांची छोटी कार्डंही त्यांनी कापून दिली आणि मला सांगितलं, "फळ्यावरही त्याच रंगाचा खडू वापर, म्हणजे पोरांचा गोंधळ नको व्हायला." मी रंगीत खडूंचे डबेच्या डबे आणले. सगळ्या छटांचे काही मिळाले नाहीत, पण जवळचा खडू शोधून मी काम भागवलं.

पुढचे तीन महिने मी हवेत होते. कुठल्याही तक्त्यावर छडी ठेवली की पस्तीस तोंडं एका सुरात सांगत. कार्ड दाखवा, फळ्यावर काढा, एकही चूक नाही. पुस्तकातले धडेही घडाघडा म्हणत. शेजारच्या वर्गाच्या बाई दारातून डोकावून जात आणि मी उगीचच केस सारखे करी. इतकी वर्षं लोकांच्या वर्गात जे जमलं नाही ते इथं जमलं होतं. तपासणीला तीन महिने होते आणि मला ती उद्या झाली तरी चालली असती.

मग एक दिवस रंगीत खडू संपले. कपाटात फक्त पांढरे होते. मी पांढऱ्या खडूनं फळ्यावर म काढला आणि वळून विचारलं, "सांगा बघू."

वर्ग गप्प. मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी खारूताईला उभं केलं. ती रोज सगळ्यांच्या आधी हात वर करणारी. ती फळ्याकडे नीट बघत राहिली आणि मग मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "बाई, रंग द्या ना त्याला. मग सांगते."

मी खडूंचे डबे धुंडाळले. डब्याच्या तळाशी नारिंगी खडूचा एक तुकडा सापडला. त्यानं मी मुद्दाम ब काढला. पस्तीस तोंडं आनंदानं ओरडली, "म! माशातला म!"

पुस्तकं काढायला लावली. पुस्तकात सगळं काळ्या शाईत. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, तर कुणालाही येईना. धडे ते चित्रावरून पाठ म्हणत होते. तीन महिन्यांनंतरही माझ्या वर्गाला एकही अक्षर येत नव्हतं. त्यांना चव्वेचाळीस रंग येत होते.

घरी येऊन मी वहिनींना सांगितलं. त्यांनी यंत्र थांबवलं नाही.

"पोरं मठ्ठ आहेत तुझी."

"पोरं मठ्ठ नाहीत. रंग तुम्ही दिलेत."

"आणि तीन महिने तू वर्गात काय झोपा काढत होतीस?"

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच झोंबलं. मी काहीतरी वाकडं बोलले, त्याही बोलल्या. पुढचे दोन दिवस आमचं बोलणं थोरल्या दिरांमार्फत चाललं. "हिला सांगा, दूध तापवून ठेवलंय." "त्यांना सांगा, मला दिसतंय." दीर बिचारे मान इकडून तिकडे वळवून थकले. रात्री मी ह्यांना म्हटलं, "संपलं आपलं. पुन्हा पर्स उचलायची." ते उठून ब्रश धुवायला गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी थेट माझ्याशी बोलायला सुरुवात केली.

"तुझ्या वर्गाच्या खिडकीला पडदा आहे का?"

"नाही."

"मग मापाला यायला हवं मला."

मोठ्या बाईंची परवानगी पडद्यासाठी म्हणून मिळाली. वहिनी आल्या, खिडकीचं माप घेतलं आणि मागच्या भिंतीशी मुलांमध्ये जाऊन बसल्या. चौथीनंतर त्या प्रथमच वर्गात बसत होत्या. हे मला तेव्हा सुचलंही नाही, मी माझ्याच काळजीत होते. मी शिकवत होते आणि त्या मुलांचे चेहरे बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून दोऱ्याचं एक नारिंगी रीळ काढलं आणि शेजारी बसलेल्या खारूताईसमोर धरलं.

"हे काय आहे, बाळ?"

"म," खारूताई म्हणाली.

वहिनींनी जांभळं रीळ काढलं. "ब." पोपटी काढलं. "क." त्यांनी एकामागून एक नऊ रिळं काढली आणि खारूताईनं न अडखळता नऊ अक्षरं सांगितली. तिच्या दृष्टीनं ती परीक्षेत पहिली आली होती. वहिनींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "हुशार आहेस," म्हणाल्या, आणि रिळं परत पिशवीत टाकली. शनिवारी त्यांनी मला सगळे तक्ते भिंतीवरून काढून घरी आणायला लावले.

रविवारी सकाळी मी उठून पुढच्या खोलीत आले तर चव्वेचाळीस तक्ते जमिनीवर मांडलेले आणि वहिनी गुडघ्यांवर बसून क काळा करत होत्या. तोवर सात-आठ अक्षरं झाली होती. नुसता काळा रंग, बाटलीतून काढलेला. ते पाच पिवळे, तो पोपटी, सगळ्यांवर काळा ब्रश फिरत होता.

"वहिनी, थांबा. हे असेच राहू द्या. नवीन करू ना दुसरे."

"नवीन करायला वेळ आहे का तुझ्याकडे?"

"पण किती सुंदर झाले होते..."

"सुंदर झाले होते म्हणूनच चुकलं." त्यांनी मान वर केली नाही. "चुकलेली शिवण उसवावी लागते गं. वरून इस्त्री फिरवून भागत नाही. जा, चहा टाक."

मी चहा टाकायला गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. दीड महिना खपून केलेली वस्तू, आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी वाखाणलेली, ती बाई स्वतःच्या हातांनी काळी करत होती. आणि कशासाठी, तर मला माझा वर्ग मिळावा म्हणून. माझ्या सख्ख्या बहिणीनं माझ्यासाठी इतकं केलं नसतं, आणि तिच्यासाठी मीही नसतं केलं. हे मी त्यांना त्या दिवशी बोलले नाही. चहात साखर जास्त घालून नेली, तेवढंच.

चित्रं त्यांनी रंगीतच ठेवली. पण दुपारी त्यांना नवीनच शंका आली. "रंग गेला तरी पोरं चित्र बघून सांगतील की. मासा दिसला की म." मग चिंध्यांच्या गाठोड्यातून त्यांनी कापडाचे चव्वेचाळीस चौकोन कापले आणि प्रत्येक चित्रावर वरून एक झाकण शिवलं, खाली एक टिचबटण. आधी अक्षर वाचायचं, मग बटण उघडून चित्र बघायचं, बरोबर की चूक ते आपोआप कळतं. वर बंद होतेच, त्यामुळे रोज सकाळी तक्ते काढून उलटसुलट टांगायचे, म्हणजे जागाही पाठ होत नाही. पुस्तकं वाचून शिक्षिका झालेल्या मला यातलं एकही सुचलं नव्हतं.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. मुलं रुसली. "आमचे रंग कुठे गेले?" म्हणून दोघं रडली, खारूताईनं पेन्सिलच्या पेन्सिल खाल्ल्या. पण टिचबटणानं जादू केली. ते उघडताना टिच असा आवाज येई आणि तो आवाज काढायला मिळावा म्हणून मुलं अक्षरावर तुटून पडत. वाचल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हा नियम. सुट्टीतही वर्गात टिच टिच चाललेलं असे. बटणं सैल झाली की मी तक्ता घरी न्यायची आणि वहिनी सकाळपर्यंत नवीन लावून द्यायच्या. महिन्याभरात पांढऱ्या खडूनं काढलेलं अक्षर मुलं ओळखायला लागली. दोन महिन्यांनी एका मुलीनं दारावरची पाटी वाचली आणि वर्ग डोक्यावर घेतला.

तपासणीच्या दिवशी सकाळी वहिनींनी मला दारात गाठलं. "तक्ते कुणी केले विचारलं तर काय म्हणशील?"

"मी केले."

"आणि?"

"आणि गप्प बसायचं."

"हां. माझं नाव घेऊन शहाणपणा करू नकोस. मला काय करायचंय त्याचं? वीस गुण आहेत ते."

तपासनीस उंच, किडकिडीत गृहस्थ होते. मुलांच्या बुटक्या बाकावर बसले तर गुडघे हनुवटीला लागले. शिस्तीच्या बाबतीत माझ्या वर्गानं मला तोंडघशी पाडलं, पहिल्या पाच मिनिटांत दोघांची मारामारी झाली. पण वाचन आलं. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं, स्वतःच्या वहीचा कोरा कागद घेतला, पेन्सिलीनं एक ओळ लिहिली आणि नेमका खारूताईपुढे धरला.

खारूताईनं अक्षरांवरून बोट फिरवलं. ओठ हलले. मग मोठ्यानं वाचलं, "माझा डबा घरी राहिला." आणि वर बघून काळजीनं विचारलं, "मग काका, तुम्ही आता काय खाणार?"

मोठ्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला. तपासनीस मात्र हसले नाहीत. त्यांनी आणखी आठ-दहा मुलांपुढे कागद धरले आणि नंतर भिंतीशी गेले. एका तक्त्याचं बटण उघडलं, टिच, आत मागं वळून बघणारं बदक. बंद केलं, पुन्हा उघडलं.

"हे तक्ते तुम्हीच केलेत?"

"हो," मी म्हणाले. पाठ केल्याप्रमाणे.

"अक्षरं काळी आणि चित्रं रंगीत. सगळीकडे मी उलटं बघतो, अक्षरंच रंगीबेरंगी. तुम्हाला हे कसं सुचलं?"

मी बोलायला लागले. "मी आधी प्रत्येक अक्षराला वेगळा रंग दिला होता..." एवढं म्हटलं आणि डोळ्यांसमोर ती नऊ रिळं आली. गुडघ्यांवर बसलेल्या वहिनी आल्या. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून सांगणं एक वेळ जमलं असतं, जमलंच होतं. पण इथं त्यांची चूकही माझी म्हणायची, ती ओळखायला लागलेलं धाडसही माझं म्हणायचं, आणि ते काळं करणंही. माझ्या तोंडून 'मी' निघेना. मी थांबले आणि मग जे खरं होतं ते सांगितलं, अथपासून इतिपर्यंत. मुलं ऐकत होती. आपल्या रंगांचं काय झालं हे त्यांनाही तेव्हाच कळलं.

तपासनीसांनी चष्मा पुसला. "मग ते वीस मला देता येणार नाहीत, बाई. नियम आहे."

"कळतं मला," मी म्हणाले.

त्यांनी आकडे लिहिले. वाचन अडतीस. लेखन आणि अंक चौदा. शिस्त दहा. साधने शून्य. मोठ्या बाईंनी कागद ओढून घेतला आणि पेन्सिलीनं बेरीज केली. मग पुन्हा वरून खाली केली.

"बासष्ट," त्या म्हणाल्या. "झालात तुम्ही कायम." आणि खिडकीकडे बघत पुढे म्हणाल्या, "पडदाही छान बसलाय हं."

मी घरी कशी पोचले ते आठवत नाही. वहिनी यंत्रावर होत्या.

"झाले कायम. बासष्ट."

त्यांनी डोळे मिटले, हुश्श केलं आणि लगेच विचारलं, "तक्त्यांचे किती?"

"शून्य."

यंत्र थांबलं. "शून्य? माझ्या बदकाला शून्य? डोळे होते का त्या माणसाला?"

"होते. आवडले त्यांना. फार आवडले."

"मग?"

"मी सांगितलं, तुम्ही केलेत म्हणून."

वहिनींचा असा पट्टा सुटला की शेजारच्या घराची खिडकी उघडली. खुळी आहेस का, एवढं पढवून पाठवलं तरी पालथ्या घड्यावर पाणी, एक हो म्हणायला जिभेला काय काटा टोचत होता, तीन गुण कमी पडले असते तर कुठे गेली असतीस. मी खाली मान घालून ऐकत होते. त्या खरंच चिडल्या होत्या. बोलून दमल्यावर त्यांनी सुई ओवायला घेतली. दोरा नेढ्यातून दोनदा निसटला, जो कधी निसटत नसे. तिसऱ्यांदा दोरा ओठांत ओला करता करता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"नेमकं काय म्हणालीस?"

"म्हटलं, हे तक्ते मी केलेले नाहीत. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी केलेत. त्या कपडे शिवतात. रंगांमुळे चुकतंय हे वर्गात बसून त्यांनी ओळखलं, आणि स्वतःचं काम स्वतःच काळं केलं. ही मुलं वाचताहेत ती त्यांच्यामुळे."

"कुणासमोर म्हणालीस?"

"तपासनीस होते. मोठ्या बाई होत्या. सगळी मुलं होती."

"तुमच्या मोठ्या बाईंसमोर?"

"हो."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं, तेच, तसंच. वहिनी यंत्राच्या चाकावर हात ठेवून ऐकत होत्या. मग त्यांनी पदरानं चेहरा पुसला आणि आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "अहो, ते वर्तमानपत्र ठेवा आणि जरा बाहेर या."

थोरले दीर चष्मा कपाळावर चढवून दारात येऊन उभे राहिले.

"हं," वहिनी मला म्हणाल्या, "आता सांग यांना."

मी तिसऱ्यांदा सांगितलं.